पेटी शाखेतच उघडायची

शिंदखेड्याच्या शाखेत होतो तेव्हा धुळ्याहून रोकड यायची. लोखंडी पेटी, दोन किल्ल्या, बंदूकवाला गार्ड. वाटेत सोनगीरला चहा झाला तरी पेटीला हात लावायचा नाही. ती उघडायची शाखेतच.

त्याच काळात सौ.ला मोठ्या आतड्याचा दाह जडला. जखम वीतभर, पण स्टेरॉइडच्या गोळ्या रक्तातून अंगभर फिरायच्या. चेहरा सुजला, साखर वाढली, हाडं ठिसूळ झाली. एकाचं कर्ज अन् वसुली साऱ्या गावाकडून! माझ्यातला बँकवाला चडफडायचा.

तापीपलीकडे शिरपूरला १९९२ साली आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्था निघाली. तिथं औषधांच्या नॅनोवाहकांवर काम चालतं. ही पेटी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी! वरचा लेप जठराच्या आम्लात टिकतो. लहान आतड्याच्या शेवटाकडे सामू सातच्या वर गेला की विरघळतो. कोळंबीच्या टरफलांपासून बनणारं कायटोसान आतड्याच्या बुळबुळीत अस्तराला चिकटून राहतं. आणि गंमत अशी, की सुजलेल्या जागी हे कण निरोगी जागेपेक्षा जास्त रेंगाळतात. म्हणजे शाखेचा पत्ता रोगच सांगतो.

अशाच लेपाच्या मेसालामिनच्या साध्या गोळ्या बाजारात केव्हाच आल्या, सौ. त्याच घेते. आतड्याच्या दाहावरचे नॅनोवाहक मात्र अजून बहुतेक उंदरांच्याच पोटात फिरताहेत.

परवा दोंडाईच्याहून मिरच्या आल्या. सौ.नं एक उचलली, हुंगली आणि परत पिशवीत ठेवली.