प्रार्थना पुरेशी आहे काय?

वाडीत कोणी गंभीर आजारी पडले की संध्याकाळी आपण त्याच्या घरी रोझरीसाठी जमतो. पाच रहस्यांवर मनन होते, एखादे गीत गायले जाते, आजाऱ्यासाठी खास विनवणी केली जाते. निघताना आपण घरातील बाईला म्हणतो, "काळजी करू नका, आम्ही सर्व प्रार्थना करीत आहोत." हे शब्द खोटे नसतात. परंतु त्या बाईच्या मनात त्या वेळी आणखीही काही चाललेले असते. उद्या डायलिसिसला सोबत कोण येणार, रिक्षाचे भाडे कोठून आणायचे, औषधांच्या चिठ्ठीतील अर्धी औषधे घ्यावीत की सर्व, धाकट्याची फी कधी भरायची. या चिंता कोणी बोलून दाखवीत नाही, कारण त्या विचारण्यासाठी आपण थांबतच नाही. मीही अशा घरातून अनेकदा तेच वाक्य उच्चारून आणि चहा घेऊन परतलो आहे.

म्हणून हा प्रश्न: ख्रिस्ती माणसाने गरजूसाठी प्रार्थना करावी, की त्याला प्रत्यक्ष मदत करावी? "दोन्ही करावे" असे उत्तर कोणीही देईल. पण ही दोन कामे शेजारी शेजारी ठेवायची आहेत, की त्यांचा एकमेकांशी आतून काही संबंध आहे, हे समजून घेतल्याशिवाय ते उत्तर उपयोगी पडत नाही.

संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमका आपलाच प्रसंग मांडला आहे. एखाद्या बंधूला किंवा भगिनीला वस्त्र नाही, रोजचे अन्न नाही आणि आपण त्यांना शुभाशीर्वाद देऊन वाटेला लावतो. शरीराला जे हवे ते मात्र देत नाही. अशा विश्वासाला याकोब निर्जीव म्हणतो. हा उतारा आपण पुष्कळदा ऐकला आहे. मात्र त्याच पत्राचा पाचवा अध्याय आपण त्याच्याशी जोडून वाचत नाही. तेथे हाच याकोब सांगतो की, कोणी आजारी असेल तर ख्रिस्तसभेच्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. रुग्णाभ्यंगाच्या संस्काराचा आधार म्हणून ख्रिस्तसभा याच वचनांकडे पाहते. कोरड्या आशीर्वादावर कडक शब्दांत टीका करणारा प्रेषित प्रार्थनेच्या सामर्थ्याविषयीही तितक्याच ठामपणे बोलतो. त्याचा आक्षेप प्रार्थनेवर नाही. भुकेल्याला दारातून परत पाठविताना तोंडी लावलेल्या पवित्र शब्दांवर आहे.

संत लूककृत शुभवर्तमानातील मांडणीही पाहण्यासारखी आहे. दहाव्या अध्यायात प्रभू येशू चांगल्या शोमरोनीचा दाखला सांगतो. मंदिराच्या सेवेतील याजक आणि लेवी जखमी माणसाला टाळून जातात. परका शोमरोनी त्याच्या जखमा बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो आणि खर्चही उचलतो. दाखला एवढ्यावर संपला असता तर सेवा हीच खरी भक्ती, बाकी सर्व व्यर्थ, असे कोणी म्हणाला असता. पण लगेच पुढे मार्था आणि मरिया यांच्या घरचा प्रसंग येतो, आणि तेथे प्रभू कामाने त्रासलेल्या मार्थेची नव्हे, तर पायाशी बसून ऐकणाऱ्या मरियेची बाजू घेतो. त्यापुढचा अकरावा अध्याय सुरू होतो तो "आम्हांला प्रार्थना करायला शिकवा" या अर्थाच्या शिष्यांच्या मागणीने. आणि त्या मागणीला उत्तर देताना येशू ज्या मित्राची गोष्ट सांगतो तो मध्यरात्री दार ठोठावून काय मागतो? पाहुण्यासाठी भाकरी! सेवेकडून श्रवणाकडे, श्रवणाकडून प्रार्थनेकडे आणि प्रार्थनेतून पुन्हा भाकरीकडे, असा हा प्रवास आहे. यातील एकच प्रसंग उचलून त्यावर आपली आवडती बाजू सिद्ध करणे सोपे आहे, आणि प्रवचनांतूनही ते कधी कधी घडते.

आरंभीच्या ख्रिस्तसभेला ही विभागणी ठाऊक नव्हती. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपावरून तक्रार उद्भवते. प्रेषित स्वतः प्रार्थना व वचनसेवा यांस वाहून घेतात आणि वाटपासाठी सात जणांची निवड होते. म्हणजे कामाची वाटणी झाली. पण त्या सातांच्या निवडीची कसोटी काय होती? ते पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावेत! नुसता हिशेब चोख ठेवणारा माणूस त्यांना चालला नाही. प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले, तेव्हाच त्यांच्या हाती पंगतीचे काम आले.

इ. स. १५५ च्या सुमारास रोम येथे संत जस्टिन याने सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनपर ग्रंथात रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे. वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस यांचे अर्पण आणि त्याचे वाटप, हा क्रम आपल्या आजच्या मिस्साबलिदानाशी जुळतो. त्याच वर्णनात जस्टिन सांगतो की, ज्यांची ऐपत आहे ते स्वेच्छेने काही देतात. ते उपासनेच्या प्रमुखाजवळ जमा होते आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले आणि परगावाहून आलेले यांची काळजी घेतो. अर्पणाच्या वेळी आपल्यासमोरून जी दानाची पिशवी फिरते तिचे मूळ इतके जुने आहे. खिशातील सुट्या नाण्यांपासून मोकळे होण्याची ती वेळ नव्हे.

प्रार्थना आणि मदत एकाच साच्यात कशी बसते याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण मात्र एकोणिसाव्या शतकातील पॅरिसचे आहे. फ्रेडरिक ओझानाम हा लियों शहरात वाढलेला तरुण कायद्याच्या शिक्षणासाठी तेथे आला होता. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसे दगावली होती, आणि गरीब वस्त्यांची दैना कोणापासून लपलेली नव्हती. ओझानाम व त्याचे मित्र एका चर्चामंडळात ख्रिस्ती धर्माच्या बाजूने हिरिरीने बोलत. तेथे विरोधी विचारांच्या विद्यार्थ्यांनी त्यांना सुनावले की, तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामे केली असतील, पण आज तुम्ही काय करीत आहात? ओझानामला हा प्रश्न लागला. उत्तर म्हणून त्याने आणखी एक भाषण केले नाही. तो आणि त्याचा एक मित्र यांनी हिवाळ्यासाठी राखलेले आपले उरलेले सरपण एका गरीब माणसाच्या घरी पोहोचविले, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते.

२३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी आणि इमॅन्युएल बायी नावाचे वयाने मोठे असलेले एक संपादक असे सात जण एकत्र आले आणि ‘सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी’चा आरंभ झाला. या मुलांना गरिबांपर्यंत कसे पोहोचावे हेदेखील ठाऊक नव्हते. ते त्यांना शिकविले सिस्टर रोझाली रांद्यू यांनी. मुफ्तार या वस्तीत वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या या धर्मभगिनींनी त्यांना घरांचे पत्ते दिले, भाकरीच्या आणि कोळशाच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि गरिबाच्या दारात उपदेशक म्हणून उभे राहू नये हेही शिकविले. ओझानाम पुढे सोर्बोन विद्यापीठात प्राध्यापक झाला, संसारी गृहस्थ झाला, १८५३ साली अवघ्या चाळिसाव्या वर्षी मरण पावला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिस येथेच त्याला धन्य घोषित केले. सिस्टर रोझाली यांना तो सन्मान २००३ साली मिळाला.

एस.व्ही.पी. हे नाव आपल्या धर्मग्रामांत परिचयाचे आहे. एकोणिसाव्या शतकातच ही संस्था मुंबईत पोहोचली होती. तरीही अनेकांना ती केवळ धान्य वाटणारी समिती वाटते. तिच्या सभेचा क्रम पाहिला तर हा गैरसमज दूर होईल. सभा प्रार्थनेने सुरू होते. मग आध्यात्मिक वाचन आणि त्यावर चिंतन. त्यानंतर ज्यांनी ज्या कुटुंबांना भेटी दिल्या ते आपला वृत्तान्त सांगतात: कोणाची औषधे संपली, कोणाच्या छपरातून पाणी गळते, कोणाला केवळ बोलायला माणूस हवे आहे. काय करावे ते ठरते. सभासदांमध्ये एक पिशवी फिरते. तीत प्रत्येक जण मूठ झाकून हात घालतो, म्हणजे कोणी किती टाकले किंवा काहीच टाकले नाही हे कोणाला कळत नाही. शेवटी पुन्हा प्रार्थना. येथे प्रार्थनेला समोर खरे कुटुंब, खरे छप्पर आणि खरी औषधाची बाटली मिळते. आणि मदतीला प्रार्थनेकडून काय मिळते? भेटीला जाणारा दाता म्हणून जात नाही, ख्रिस्ताला भेटायला जातो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या दिवसाचे चित्र आठवा: तेथे राजा विचारतो ते भुकेल्याविषयी, तहानेल्याविषयी, उघड्याविषयी, बंदिवानाविषयी, आणि त्या प्रत्येकाच्या जागी तो स्वतः उभा असतो.

आपल्या मातीतील संत गोन्सालो गार्सिया यांचेही येथे स्मरण व्हावे. वसईत जन्मलेला हा व्यापारी फिलिपिन्समध्ये फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि जपानमध्ये दुभाषी म्हणून गेला. तेथे क्योटो नगरीत त्या फ्रान्सिस्कनांनी गरिबांसाठी व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णसेवा चालविली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मरण पत्करण्यापूर्वीचे त्यांचे दिवस उपासनेत आणि रुग्णांच्या सान्निध्यात गेले. त्यांच्या सणाला आपण नवेना करतो, मिरवणूक काढतो. त्यांनी ज्या रुग्णांमध्ये दिवस काढले त्यांची आठवण त्या मानाने कमी होते.

आता काही अडचणींविषयी. प्रार्थनेच्या वेळी दारात गरजू उभा राहिला तर काय करावे? संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी आपल्या धर्मभगिनींना यावर निःसंदिग्ध सल्ला दिला होता: उठावे, औषध पोहोचवावे, मनाला टोचणी लावून घेऊ नये, कारण तेथे देवाला सोडून जायचे ते देवाकडेच. पण हा सल्ला रोज पहाटे प्रार्थनेसाठी उठणाऱ्या भगिनींना होता. जो मुळात प्रार्थनेला बसतच नाही त्याने तो सवलत म्हणून वापरू नये. कोलकात्याच्या संत तेरेसा यांच्या संस्थेत १९७३ पासून रोज एक तास पवित्र साक्रामेंताची आराधना होऊ लागली, आणि तेही रस्त्यावरच्या मरणोन्मुखांचे काम वाढत असताना. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात, ‘देऊस कारितास एस्त’मध्ये, याच तेरेसांचा दाखला देऊन सांगितले की प्रार्थनेला दिलेला वेळ सेवेतून वजा होत नाही. देववचनाची घोषणा, संस्कारांचे विधी आणि प्रीतीची सेवा ही ख्रिस्तसभेची तीन कर्तव्ये एकमेकांपासून तोडता येत नाहीत, अशी त्यांची मांडणी आहे. त्याच परिपत्रकात त्यांनी हेही स्पष्ट केले की, ख्रिस्ती मदत ही धर्मप्रसाराचे साधन म्हणून देता येत नाही. आपल्या देशात आपल्या सेवाकार्याकडे संशयाने पाहिले जाते, म्हणून हे वाक्य आपल्या प्रत्येक सेवाभावी गटाने लक्षात ठेवावे. शेजारच्या हिंदू किंवा मुस्लिम कुटुंबाला नेलेला डबा हा डबाच असतो.

ज्यांच्या अंगात बळ नाही, हाती पैसा नाही त्यांचे काय? अंथरुणाला खिळलेल्या आजीची रोझरी ही मदतच आहे, आणि तिला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. मठाच्या भिंतीबाहेर कधी मिशनकार्याला न गेलेल्या लिझ्यूच्या संत तेरेसा यांना १९२७ साली मिशनकार्याच्या आश्रयदात्या घोषित करण्यात आले, ते उगाच नव्हे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांना आजीची ही सूट लागू होत नाही. आपल्याजवळ मोटारसायकल असते, फोन असतो, रुग्णालयाचा अर्ज भरण्याइतके शिक्षण असते, शनिवारी दुपारी दोन तास मोकळे असतात.

पैशाची गोष्ट आली म्हणजे फोटोचीही येते. धान्याची पिशवी देताना घेणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळविण्याची पद्धत आपल्याकडेही रुजली आहे. डाव्या हाताला उजव्याचे कळू नये अशी प्रभूची शिकवण असताना आपण ते सर्व वाडीला कळवतो. मूठ झाकून फिरणारी ती पिशवी यावर चांगला उतारा आहे. ओझानाम आणखी एक गोष्ट ओळखून होता: शोमरोन्याने जखमेवर तेल ओतणे हे प्रीतीचे काम, पण वाटेवरचे हल्लेच होऊ नयेत हे पाहणे न्यायाचे काम. ज्या कुटुंबाला आपण तीन वर्षे तांदूळ देतो, त्याचे रेशनकार्ड का झाले नाही, हेही कोणी तरी विचारले पाहिजे.

पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला जागतिक गरीब दिन २०१७ पासून सामान्य काळाच्या तेहतिसाव्या रविवारी पाळला जातो, आणि पोप लिओ चौदावे यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘दिलेक्सी ते’ हे पत्रही गरिबांवरील प्रीतीविषयीच आहे. धर्मग्रामांनी त्या रविवारची वाट पाहण्याची गरज नाही. लघु ख्रिस्ती समूहाच्या पुढच्याच सभेत एक छोटा बदल करता येईल. विनवण्यांच्या वेळी आपण "आजाऱ्यांसाठी, गरिबांसाठी, बेरोजगारांसाठी" असे म्हणतो. त्याऐवजी आपल्याच वाडीतील एका घराची गरज, त्या घराची संमती घेऊन, सांगावी. मग त्या घरी या आठवड्यात कोण जाणार ते विचारावे. दोघांनी जावे, एकट्याने नको. त्यांची नावे वहीत लिहावीत, आणि त्यानंतरच शेवटची प्रार्थना म्हणावी. पुढच्या सभेत आधी ती वही उघडावी.