बालपणीचे अनुभव आणि प्रौढ व्यक्तिमत्त्वाची जडणघडण : 'झोंबी'च्या संदर्भात

प्रस्तावना

प्रौढ व्यक्तीची ओळख आणि तिच्या अभिरुची यांची मुळे बालपणात असतात, हा विचार मानसशास्त्राला नवा नाही. फ्रॉइडने बालपणाला निर्णायक स्थान दिले. एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मानवी विकासाच्या आठ अवस्था मांडल्या. त्यांच्या मते शालेय वयात मुलामध्ये उद्यमशीलता किंवा न्यूनत्वाची भावना रुजते, तर किशोरवयात 'मी कोण' हा प्रश्न उभा राहतो. या मांडणीचा पडताळा मराठी वाङ्मयात पाहावयाचा झाल्यास आनंद यादव (१९३५-२०१६) यांची 'झोंबी' (१९८७) ही आत्मचरित्रात्मक कादंबरी विशेष उपयुक्त ठरते. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार या कृतीस लाभला.

'झोंबी'तील शाळा आणि मळा

कागल येथील कष्टकरी शेतकरी कुटुंबातील या मुलाची शाळा वडिलांनी बंद केली व त्यास मळ्याच्या कामास जुंपले. गुऱ्हाळ आटोपल्यावर त्याने आईच्या मदतीने गावातील प्रतिष्ठित गृहस्थ दत्ताजीराव यांच्याकडे गाऱ्हाणे नेले व त्यांच्याकरवी वडिलांना राजी केले. शाळेपूर्वी मळ्यात राबावयाचे, शाळा सुटल्यावर गुरे राखावयाची, अशा अटींवर शाळा पुन्हा सुरू झाली.

पुढे जे घडले ते अभ्यासकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. मराठीचे शिक्षक सौंदलगेकर कविता चालीवर गात, अभिनयासह शिकवीत आणि कवींच्या आठवणी सांगत. कवी हा आपल्यासारखाच माणूस असतो, ही जाणीव त्या मुलास येथे झाली. शिक्षकांनी आपल्या दारच्या मालतीच्या वेलीवर कविता रचलेली त्याने पाहिली, आणि मग आपल्या भोवतीच्या पिकांवर, फुलांवर आपणही रचना करू शकू असे त्यास वाटू लागले. पिकाला पाणी पाजताना तो कविता गाऊ लागला. कागद-पेन्सिल जवळ नसे तेव्हा म्हशीच्या पाठीवर काडीने किंवा दगडावर खड्याने ओळी लिहू लागला.

पूर्वी मळ्यातील एकटेपणा त्यास कंटाळवाणा वाटे. आता तोच हवासा वाटू लागला. मळा बदलला नव्हता, कामही कमी झाले नव्हते. बदलला होता तो त्या अनुभवाचा अर्थ. अनुभव एकटा व्यक्तिमत्त्व घडवीत नाही, त्यास अर्थ देणारे कोणी भेटावे लागते, असे यावरून म्हणता येईल. यादव पुढे पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक व ग्रामीण साहित्य चळवळीचे प्रमुख प्रवर्तक झाले. 'हिरवे जग' (१९६०) हा त्यांचा पहिला संग्रह मळ्याच्याच भाषेत बोलतो.

काही मर्यादा

अर्थात, 'झोंबी' पन्नाशीच्या उंबरठ्यावर लिहिली गेली. बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखविल्याप्रमाणे स्मरण ही पुनर्रचना असते. प्रौढ लेखक आपल्या आजच्या ओळखीस अनुरूप असे बालपण निवडून मांडतो. शिवाय आत्मकथा लिहितो तो तरून गेलेला. ज्याची शाळा कायमची सुटली त्याची कथा ग्रंथालयात सापडत नाही. म्हणूनच एमी वर्नर यांचा अभ्यास येथे विचारात घ्यावा लागतो. हवाईतील कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी दीर्घकाळ मागोवा घेतला. अतिशय प्रतिकूल परिस्थितीतील मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ प्रौढ झाली. त्यांच्या वाट्यास आलेल्या आधारांत आईवडिलांबाहेरची एखादी जिव्हाळ्याची वडीलधारी व्यक्ती वारंवार आढळते. दत्ताजीराव आणि सौंदलगेकर यांचे स्थान नेमके हेच आहे.

आष्टी तालुक्याचा संदर्भ

कडा परिसरातील अध्यापकांच्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुले असतात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे टोळीने कारखान्यांकडे निघतात व उन्हाळ्यात परततात. मधले महिने कोपीत जातात. थोरली मुलगी धाकट्या भावंडास सांभाळते, मुलगा वाढे गोळा करतो. या अनुभवात श्रमाचे ज्ञान, भाषेची विविधता, लहान वयातील जबाबदारी हे सर्व असते. तो केवळ अभाव नव्हे, हे अध्यापकाने ध्यानात घ्यावयास हवे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने (१९८०) कैकाडी समाजाच्या अशाच भटकंतीतून मराठी गद्यास नवी भाषा दिली; मात्र तेथे मुलाच्या शाळेचा आग्रह वडिलांचाच होता.

कागलच्या मुलाचा मळा आणि शाळा एकाच गावात होती; सकाळी मोट, दुपारी कविता असा दिवस तेथे जुळू शकला. आष्टी तालुक्यातील मुलाचा फड आणि त्याची शाळा यांच्यामध्ये दोन-तीन जिल्हे असतात. साखरशाळांनी शिक्षण फडाजवळ नेण्याचा प्रयत्न केला. हंगामी वसतिगृहांनी मुलास गावी ठेवण्याचा. पहिल्या व्यवस्थेत मुलाचे शिक्षक दर हंगामाला बदलतात, तर दुसऱ्या व्यवस्थेत शिक्षक तेच राहतात, पण आईवडील सहा महिने दूर असतात. असे हंगाम काढून महाविद्यालयात पोहोचलेला विद्यार्थी प्रथम वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेला दिसतो, आणि त्याच्या गप्प राहण्याची नोंद बहुधा 'अभ्यासात रस नाही' अशी होते.