चेहरे पुसलेला अल्बम

टॉकिंग हेड्स या रॉक बँडची चौकडी १९८० च्या उन्हाळ्यात बहामातल्या नासाऊला पोचली, तेव्हा हाताशी तयार गाणी नव्हती. हे ठरवूनच केलं होतं. गायक डेव्हिड बर्नने लिहायचं आणि बाकीच्यांनी साथ करायची, हा तीन अल्बमांचा शिरस्ता आता चौथ्या अल्बममध्ये मोडायचा होता. बर्न आणि निर्माता ब्रायन ईनो या दोघांच्या कानात तेव्हा नायजेरियाचा संगीतकार फेला कुटी भिनलेला होता.

कंपास पॉइंट स्टुडिओत सगळं उलट्या क्रमाने झालं. आधी ड्रम, बेस, गिटारचे छोटे तुकडे. शब्द अगदी शेवटी. तुकडा कापून हवा तितक्यांदा चिकटवायची आजची सोय नव्हती. तोच तुकडा मिनिटांमागून मिनिटं हातानेच वाजवायचा, टेपवर थर चढवत न्यायचे, मग मिक्सिंगला बसून कुठला थर कधी उघडायचा आणि कधी मिटायचा ते ठरवायचं. बरीच गाणी एकाच कॉर्डभोवती फिरतात. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवाला लेहरा धरून बसतो ना, तसे इथे सगळेच बसलेले.

'वन्स इन अ लाइफटाइम'मधला टीना वेमथचा बेस नीट ऐका. मोजके स्वर, मग गप्प. गाणं झुलतं ते त्या रिकाम्या जागेवर. वर बर्नचं बोलणं-गाणं, रेडिओवरच्या अमेरिकन धर्मोपदेशकांच्या ढंगातलं. या गाण्याला तेव्हा अमेरिकेत पहिल्या शंभरातही जागा मिळाली नाही. ब्रिटनमध्ये ते १४ व्या क्रमांकापर्यंत गेलं.

मुखपृष्ठाची कल्पना वेमथ आणि तिचा नवरा, ड्रमर क्रिस फ्रान्झ यांची. एमआयटीतल्या संगणकावर चौघांचे चेहरे लाल रंगाने झाकून टाकले. नावं मात्र झाकली गेली नाहीत! ऑक्टोबरमध्ये 'रिमेन इन लाइट' बाजारात आला, तेव्हा पहिल्या छपाईत बहुतेक गाण्यांचं श्रेय फक्त बर्न-ईनोला होतं. वेमथ आणि फ्रान्झ दुखावले. पुढच्या आवृत्त्यांत दुरुस्ती झाली, पण ईनोने या बँडचा पुढचा अल्बम केला नाही. माझ्या मते वेमथ-फ्रान्झची तक्रार रास्त होती. ज्या संगीताचा पायाच ताल आहे, तिथे ताल देणाऱ्याला वादक म्हणायचं आणि शब्द देणाऱ्याला रचनाकार, हे कसं चालेल?

फेलाचं ऋण मात्र लपवलं नाही. वार्ताहरांना अल्बमबरोबर चक्क वाचनाची यादी पाठवली. तिच्यात जॉन मिलर चेर्नॉफचं आफ्रिकी तालावरचं पुस्तक होतं. रॉक अल्बमला संदर्भसूची, ही बर्नचीच तऱ्हा.

बेनिन सोडून १९८३ मध्ये पॅरिसला आलेल्या गायिका अँजेलिक किजोने 'वन्स इन अ लाइफटाइम' ऐकलं आणि तिला ते आफ्रिकेचंच वाटलं. छे, हे रॉक आहे, असं तिला सांगण्यात आलं. २०१८ मध्ये तिने अख्खा अल्बम नव्याने गायला आणि ड्रमवर बोलावलं टोनी ॲलनला, म्हणजे फेला कुटीच्याच ड्रमरला.