मुसाफिर आणि वादळ

2012 ची बकरी ईद शुक्रवारी, 26 ऑक्टोबरला झाली आणि सोमवारी, 29 तारखेला सँडी वादळाने न्यूयॉर्क गाठले. ईदचा चंद्र त्या दिवशी पुरा भरला होता. पौर्णिमेला उधाण मोठे असते, हे आपल्या कोकणातल्या घरांना सांगायला नको. त्या उधाणावर वादळाने समुद्र रेटला आणि मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला पाणी सुमारे 14 फुटांवर गेले.

आम्ही त्या वेळी तिथे फिरायला गेलो होतो. रविवारी संध्याकाळी 7 पासून भुयारी रेल्वे थांबली, विमाने रद्द झाली. सोमवारी रात्री 14व्या रस्त्याजवळच्या वीजकेंद्रात स्फोट झाला आणि साधारण 39व्या रस्त्याखालचे शहर अंधारात बुडाले. आमचे हॉटेल तिथेच, आम्ही बाराव्या मजल्यावर. लिफ्ट बंद, पंप बंद पडल्याने नळही कोरडे. शेजारच्या खोलीतल्या आजींच्या सांगण्यावरून टब आधीच भरून ठेवला होता. वुजू, स्वच्छता, सारे त्यावरच भागले. मोबाइल चार्ज करायला लोक उत्तरेकडे चालत जात. तिथे दुकानदारांनी प्लगच्या पट्ट्या बाहेर मांडल्या होत्या.

त्या वादळात शहरातली 40हून अधिक माणसे गेली, बरीचशी बुडून. म्हणून प्रवासात एवढे करा: रोख पैसे, औषधे, टॉर्च जवळ ठेवा. शेजारच्या खोलीशी पहिल्याच दिवशी सलाम-दुआ करा. आणि सखल भाग सोडण्याचा हुकूम आला, तर सामान आवरत बसू नका. मुलांचा हात धरा आणि निघा.