खटका पडला? लगेच वर ढकलू नका, आधी कारण बघा

पुणे : शिक्षणासाठी, कामासाठी आपल्या तालुक्यांतली कितीतरी पोरं पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठेत नाहीतर कात्रज, वारजे, हडपसरला भाड्याच्या खोलीवर राहतात. एका खोलीत तिघं-चौघं, एक गिझर, एक इंडक्शन शेगडी आणि सकाळी सगळ्यांची एकच घाई. अंधार झाला की गावाकडे फोन : "खटका पडलाय, काय करू?" गावाकडून उत्तर ठरलेलं : "वर कर की." हा सल्ला अर्धाच आहे.

बोर्डातला हा खटका म्हणजे एमसीबी. तो दोन कारणांनी पडतो. एक म्हणजे जादा भार. जुन्या खोलीत बहुतेक सगळं एकाच लाईनवर असतं. गिझर २००० वॅट, शेगडी २००० वॅट, इस्त्री १००० वॅट, झाले ५०००. त्याला २३० व्होल्टने भागा, जवळपास २२ अँपिअर होतात. खटका १६ चा असेल तर आतली धातूची पट्टी तापून वाकते आणि तो पडतो. यात थोडा वेळ जातो. दुसरं कारण शॉर्ट सर्किट. तिथे खटका क्षणात, ठाप्‌कन पडतो. म्हणजे किती वेळाने पडला यावरूनच निम्मं कारण कळतं.

आधी शेजारी लाईट आहे का बघा. सगळीकडेच गेली असेल तर खटक्याचा प्रश्नच नाही. फक्त आपलीच गेली असेल तर त्या लाईनवरचे प्लग काढा, बटणं बंद करा. हात कोरडे, पायात चप्पल, खाली ओल नको. पट्टी गार व्हायला पाच-दहा मिनिटं थांबा. पडलेला खटका कधी मधेच अडकलेला असतो, म्हणून आधी पूर्ण खाली दाबा आणि मगच वर करा. मग एकेक वस्तू लावत जा. जी लावल्यावर परत पडेल, ती बाजूला ठेवा. सगळं काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. परत परत वर करून बघू नका, वायरमन बोलवा. बोर्डाला जळका वास, काळा डाग, चरचर आवाज किंवा ओल असेल तर हातच लावू नका.

बोर्डात टेस्ट बटण असलेला रुंद खटका दिसला तर तो आरसीसीबी. माणसाला धक्का बसताना वाचवतो तो हाच. घरातला ३० मिलीअँपिअर गळतीला पडतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला एवढ्याचा पत्ताही लागत नाही. हा पडला तर सगळे एमसीबी खाली करा, प्लग काढा, याला वर करा आणि मग एकेक एमसीबी वर घ्या. गिझरच्या कॉईलला पाणी लागलं की बऱ्याचदा हाच पडतो. महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबा. पडला नाही तर तो निकामी झालाय.

सारखा पडतो म्हणून १६ चा काढून ३२ चा बसवणारेही आहेत. गावाकडे फ्यूजला जाड तार बांधतात, तसलाच हा प्रकार. खटका पडायचा थांबतो, पण भिंतीतली वायर तीच राहते आणि ती जळते.

पुराच्या पाण्यात तर वेगळीच सावधगिरी हवी. २५ जुलै २०२४ रोजी मुठेला पूर आला, तेव्हा डेक्कनच्या पुलाची वाडी भागात हातगाडी हलवताना तिघांचा विजेच्या धक्क्याने जीव गेला. मीटरच्या खोलीत किंवा बोर्डापर्यंत पाणी आलं असेल तर मेन स्विच बंद करायलासुद्धा पाण्यात उतरू नका. महावितरणच्या १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ या मोफत क्रमांकावर फोन करा, पुरवठा बाहेरूनच बंद करायला सांगा. पाणी ओसरल्यावरही बोर्ड पूर्ण वाळून वायरमनने तपासल्याशिवाय खटका वर करायचा नाही.