अठरा मजली लाकूड

ऑस्लोहून उत्तरेला निघालं की म्योसा हे नॉर्वेतलं सगळ्यात मोठं सरोवर लागतं. त्याच्या काठी ब्रुमुनडाल नावाचं दहा-अकरा हजार वस्तीचं गाव आहे. या एवढ्याशा गावात अठरा मजल्यांची, 85.4 मीटर उंच इमारत उभी आहे. तिचे खांब, तुळया, तिरके आधार आणि लिफ्टच्या भिंतीसुद्धा लाकडाच्या आहेत. आत हॉटेल आहे, कार्यालयं आहेत, राहती घरं आहेत. तिचं नाव म्योसटोर्ने. मार्च 2019 मध्ये ती पूर्ण झाली तेव्हा जगातली सर्वांत उंच लाकडी इमारत ठरली. 2022 मध्ये अमेरिकेत मिलवॉकी शहरातल्या ‘असेंट’नं 86.6 मीटरपर्यंत जाऊन तो मान घेतला, पण असेंटचे जिने आणि लिफ्ट ज्या गाभ्यात आहेत तो काँक्रीटचा आहे.

उंचीपेक्षा मला या इमारतीत दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. तिच्या खांब-तुळयांचं लाकूड, कारखाना आणि कारागिरी ही मुख्यतः आसपासच्या मुलखातली आहे. बांधकामातला कार्बन कमी करायची भाषा आज सगळीकडे चालते. ती प्रत्यक्षात उतरवायला काय काय हाताशी असावं लागतं, ते इथे दिसतं.

मूळ हिशेब सोपा आहे. सिमेंटसाठी चुनखडी भाजावी लागते. भट्टीचं इंधन बदलता येईल, पण चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो कसा थांबवणार? जगभरातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांचा मानला जातो. झाड तोच वायू हवेतून घेतं आणि त्यातल्या कार्बनचं लाकूड करतं. वाळलेल्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या एका घनमीटर लाकडात साधारण पाऊण टन कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन बंदिस्त असतो. इमारत उभी आहे तोवर तो तिथेच राहतो.

पण अठरा मजले पेलणारा खांब एका झाडातून निघत नाही. म्हणून फळ्या वाळवून, एकावर एक रचून, सरसानं चिकटवून दाबाखाली त्यांची अखंड तुळई करतात. तिला ग्लुलॅम म्हणतात. म्योसटोर्नेच्या कोपऱ्यातले खांब 1485 बाय 625 मिलिमीटरचे आहेत, म्हणजे जवळपास दीड मीटर रुंद. ते तयार झाले मोल्व्ह गावातल्या मोल्व्हेन कंपनीच्या कारखान्यात, इमारतीपासून पंधराएक किलोमीटरवर. याच कंपनीनं 1994 च्या लिलहामर हिवाळी ऑलिंपिकसाठी हामारच्या स्केटिंग सभागृहाचं छप्पर पेलणारे लाकडी सांगाडे पुरवले होते. तेही याच सरोवराच्या काठावर, आणि त्यांचा पल्ला 96 मीटरचा आहे. त्याआधीच्या पिढ्यांनी बाराव्या शतकात लाकडी चर्च उभारली, त्यातलं बोर्गुनचं आजही उभं आहे. एवढी साठलेली जाण असली की अठरा मजल्यांचं धाडस उगाच केलेलं वाटत नाही.

लाकडी इमारतीचा जीव सांध्यांत असतो, हे आपल्याकडचा कोणताही जुना सुतार सांगेल. म्योसटोर्नेत खांब आणि तुळयांच्या टोकांना खाचा पाडून त्यांत पोलादी पट्ट्या बसवल्या आणि आरपार पोलादी खुंट्या ठोकल्या. पोलाद लाकडाच्या पोटात राहिल्यामुळे आगीपासूनही वाचतं. सुटे भाग कारखान्यातच मापात कापून येत होते. बाहेरून परांची न बांधता, क्रेननं चार-चार मजल्यांचा सांगाडा चढवत इमारत वर गेली.

सांधा हलका घेतला तर काय होतं, याचं उत्तरही याच मुलखात मिळालं. म्योसाला मिळणाऱ्या लोगेन नदीवर ट्रेटेन इथे लाकूड-पोलादाचा पूल होता. 2012 मध्ये बांधलेला हा पूल ऑगस्ट 2022 मध्ये कोसळला. दोन वाहनं पुलावर होती; चालक वाचले. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते एका तिरक्या आधाराच्या जोडावर. लाकडाचा कैवार घेणाऱ्या प्रत्येकानं ट्रेटेनची कहाणीही सांगितली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आगीची शंका सगळ्यांनाच येते. चुलीत बारीक काटक्या भुर्रकन पेटतात, जाड ओंडका मात्र बाहेरून काळा पडत तासन् तास धुमसतो. या खांबांचंही तसंच. वरचा कोळशाचा थर आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो आणि जळणं मिनिटाला एक मिलिमीटरहूनही कमी वेगानं आत सरकतं. त्यामुळे आगीत किती लाकूड जाईल याचा अंदाज बांधून खांब तेवढा जाड घेता येतो. जोडीला पाण्याचे फवारे आहेतच.

या इमारतीत काँक्रीटही आहे, आणि ते सांगताना तिच्या अभियंत्यांविषयीचा माझा आदर वाढतो. वरच्या सात मजल्यांच्या जमिनी काँक्रीटच्या आहेत. स्प्रूसचं लाकूड काँक्रीटच्या पाचव्या हिश्श्याहून हलकं. एवढी हलकी, उंच इमारत वाऱ्यात डुलते. पडत नाही, पण वर राहणाऱ्याला मळमळू शकतं. माथ्याशी वजन ठेवलं की डुलणं संथ होतं. शंभर टक्के लाकूड म्हणून मिरवण्यापेक्षा राहणाऱ्यांची झोप त्यांनी महत्त्वाची मानली.

आता जंगलाकडे. ओंडक्यातून जेमतेम निम्मी फळी निघते. उरलेला भुसा-ढलपा कागदाकडे किंवा भट्टीकडे जातो आणि त्यातला कार्बन लवकरच हवेत परततो. तोडलेल्या जागी नवं झाड वाढलंच नाही, तर सगळं गणित उलटतं. नॉर्वेनं 1919 पासून देशभरच्या जंगलाची मोजणी ठेवली आहे आणि तेव्हापासून तिथला लाकूडसाठा सुमारे तिपटीनं वाढला आहे. ही नोंदवही नसती तर म्योसटोर्नेच्या हवामानविषयक दाव्यांवर मी विश्वास ठेवला नसता.

आपल्याकडे वाड्यांचे सांगाडे सागवानाचे होते. मग जंगलं विरळ झाली आणि 1993 मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं आपल्या कामांत लाकूड वापरायला मनाई केली. 2020 मध्ये ती उठली. चंद्रपूरचं सागवान आजही मोठ्या वास्तूंच्या दारांसाठी मागवलं जातं, पण खांब-तुळयांना सागवान परवडणारं नाही. त्यासाठी लवकर वाढणारं, शेताच्या बांधावर लावता येणारं झाड हवं, वाळवीपुढे आणि कोकणातल्या पावसात टिकेल असं प्रक्रिया केलेलं लाकूड हवं आणि ते चिकटवणारा कारखाना त्या शेतांच्या जवळ हवा. सुरुवात पाच-सहा मजल्यांपासून झाली तरी पुष्कळ. लागवड मात्र आत्ताच व्हायला हवी, कारण रोपाचा खांबाजोगा ओंडका व्हायला वर्षं लागतात.