जपानी शिस्त संपातून आली

जेएसडब्ल्यूच्या भूषण पॉवर अँड स्टीलमध्ये जपानची जेएफई स्टील १५,७५० कोटी रुपये घालून निम्मी भागीदार होणार, ही डिसेंबर २०२५मधली बातमी सगळ्यांनी वाचली. तो कारखाना ओडिशातला. पण वडखळला हे जपानी नातं नवं नाही. वडखळजवळच्या डोलवीची इस्पात ही पोलाद कंपनी जेएसडब्ल्यूच्या जिंदालांकडे आली २०१०मध्ये, आणि जेएफईने जेएसडब्ल्यू स्टीलमध्ये सुमारे १५ टक्के हिस्सा घेतला तोही त्याच वर्षी.

अशी बातमी आली की ‘जपानी शिस्ती’चे गोडवे सुरू होतात. कायझेन, फाइव्ह-एस अशा सततच्या सुधारणेच्या आणि टापटिपीच्या पद्धती, आणि कंपनीलाच मायबाप मानणारा, मान खाली घालून राबणारा कामगार! हार्वर्डचे इतिहासकार अँड्र्यू गॉर्डन यांनी हे चित्र कधीच मोडीत काढलंय. गंमत म्हणजे त्यांनी ज्या मोजक्या कंपन्यांचा इतिहास खणला, त्यांत निप्पॉन कोकान आहे. १९१२ची ही पोलाद कंपनी पुढे कावासाकी स्टीलशी एकत्र झाली आणि जेएफई जन्माला आली. म्हणजे आपल्या भागीदाराचीच ही कुळकथा.

गॉर्डन सांगतात, सुरुवातीचा जपानी कामगार चार पैसे जास्त दिसले की खुशाल दुसरा कारखाना गाठायचा. मालक कपाळाला हात लावायचे. कामगाराला रोजावर पगार, कारकुनाला महिन्यावर. हा भेद कामगारांच्या पोटापेक्षाही मानाला लागायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर युनियनांनी तो मोडायला लावला. वीज कामगारांनी १९४६मध्ये वय आणि घरची खाणारी तोंडं मोजून पगार ठरवून घेतला. कायम नोकरी, सेवाकाळाप्रमाणे वाढ हे सारं भांडून मिळालं. १९५९च्या पोलाद संपानंतर मात्र व्यवस्थापनाशी जुळवून घेणाऱ्या युनियना वरचढ झाल्या. त्यानंतर आलेल्या समृद्धीची किंमत गॉर्डननी १९९८च्या पुस्तकात मांडली आहे, तीही निर्दयपणे.

कायझेनच्या वर्गात यातलं काही शिकवत नाहीत. शिवाय भांडून मिळवलेलं ते सुख कायम कामगारांपुरतंच होतं. कंत्राटी माणूस तिथेही कुंपणाबाहेरच राहिला. इकडे डोलवीच्या परिसरात, पेण-रोह्यात घरटी एखादा पोरगा कुठल्या ना कुठल्या ठेकेदाराकडे असतो, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. जपानी पैशाबरोबर कायम नोकरीचे जपानी करारही मागून घ्यावेत, असं मला तरी वाटतं.

मागायला वेळही बरी आहे. जेएफईने कावासाकीतली आपली झोतभट्टी सप्टेंबर २०२३मध्ये विझवली. डोलवी मात्र वर्षाला एक कोटी टनांवरून दीड कोटींकडे निघाली आहे. म्हणजे गरज जेएफईलाही आहे.